हिरडीचं माप

माझ्या तोंडाबद्दल आजवर पुष्कळ लोक पुष्कळ बोलून गेलेत. आई म्हणायची, हिचं तोंड बंद होत नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, सून गुणाची आहे, तोंडाने तेवढी फटकळ. मी गाडी चालवायला शिकवते. समोरून ट्रक येत असताना शेजारच्या माणसाला ‘जमल्यास ब्रेक दाबता का’ असं विचारत बसले असते, तर आज हे सांगायला उरले नसते. त्यामुळे माझं तोंड आलं तेव्हा घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. नणंद तर फोनवर हसली. "बरं झालं बाई, आमच्या भावाला चार दिवस आराम," म्हणाली.

चार दिवस गेले, चार आठवडे गेले, आलेलं तोंड काही जाईना.

हिरड्यांवर पाण्याचे फोड यायचे. फुटायचे. फुटले की तिथली कातडी ओल्या कागदासारखी सुटून यायची आणि खालचं लालभडक उघडं पडायचं. गालाच्या आतून यायचे, जिभेखाली यायचे, पण सगळ्यात वाईट हिरड्यांवर. दात घासायला गेले की बेसिनमध्ये रक्त. मिठाच्या गुळण्या झाल्या, मध लावून झाला, टूथपेस्ट बदलून झाली. नणंद म्हणाली, पोट साफ ठेव. दातांच्या एका डॉक्टरांनी हिरड्या खरवडून साफ करून दिल्या, त्यानंतर आठवडाभर मला पाणीसुद्धा गिळवेना. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि मोठ्या दवाखान्यातल्या, फक्त तोंडाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बाईंनी गालाच्या आतून कातडीचा एक तुकडा काढून तपासायला दिला. निकाल आल्यावर मला समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. पेम्फिगस.

"तुमचं शरीर तुमच्याच कातडीला परकं समजतंय," त्या म्हणाल्या. "पेशी एकमेकींना जिथे धरून असतात, त्या सांध्यावरच हल्ला करतंय. म्हणून जरा कुठे घासलं, दाब पडला, की कातडी सुटते."

"बरं कधी होणार?"

"आटोक्यात येईल."

"बरं कधी होणार?"

"आटोक्यात येईल," त्या तितक्याच शांतपणे म्हणाल्या. गाडीत मला कुणी अशी उत्तरं दिली तर मी त्याला तिथल्या तिथे उतरवते.

मग त्यांनी चिमट्याच्या टोकाने माझे खालचे पुढचे चार दात एकेक करून हलवून पाहिले. हलले. मला ते आधीच ठाऊक होतं; माझ्या जिभेला त्या दिवसांत दुसरा उद्योगच नव्हता. दुखतं म्हणून ब्रश लावायचा नाही, ब्रश लावला नाही की कीट साचायचं, कीट साचलं की हिरडी आणखी सुजायची, असं ते चाललं होतं.

"दोनेक महिन्यांत हिरडी शांत झाली नाही तर हे चार ठेवता येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि काढले तर त्या जागी कवळी बसवू म्हणाल, तर ही हिरडी ती सोसेल असं मला वाटत नाही."

हे बोलणं चालू असताना माझा नवरा माझ्या खुर्चीमागे उभा होता. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात त्याने झटक्यात काढून घेतला ते कळलं. कवळ्या करणं हाच त्याचा धंदा आहे.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत तो बसतो. गावातले डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेतात, त्या मापांवरून हा प्लास्टरचे साचे ओततो आणि साच्यांवर कवळ्या घडवतो. माणसांशी त्याचा संबंध येत नाही. फळीवर पांढऱ्या जबड्यांची रांग, टेबलावर मेण, गॅसची छोटी शेगडी, रंगाप्रमाणे लावलेल्या दातांच्या डब्या आणि रेडिओ. रस्त्याने चालताना समोरून कुणी हसत आलं की हा कानात सांगतो, "माझे आहेत." त्याच्या कवळीची ख्याती अशी की ती हलत नाही. चौकातले एक आजोबा नवी कवळी घालून रिक्षावाल्याशी तासभर भांडले आणि ती जागची हलली नाही, ही गोष्ट तो पाहुण्यांना अजून सांगतो. ढिली कवळी म्हणजे त्याच्या लेखी चोरी.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, ब्रश मऊ केसांचा दिला, आणि हिरड्यांना लावायला एक औषध दिलं. पण ते नुसतं लावलं की लाळेबरोबर वाहून जातं. म्हणून दातांवर आणि हिरड्यांवर टोपीसारखा बसणारा पातळ प्लास्टिकचा ट्रे करून घ्यायचा, त्यात औषध भरायचं आणि ठरलेला वेळ तो घालून बसायचं.

"ट्रे मी करतो," नवरा लगेच म्हणाला.

"उत्तम. फक्त जरा सैल ठेवा. हिरडीवर टेकता कामा नये, आत औषधाला जागा हवी."

तो मान हलवत हो म्हणाला. माझं तोंड तेव्हा कापसाने भरलं होतं, पण डोळे उघडे होते. ही मान मी ओळखते. ‘गियर बदलताना खाली बघू नका’ असं मी सांगितलं की माझे विद्यार्थी अगदी अश्शीच मान हलवतात, आणि खाली बघतात.

त्याने घरीच माझं माप घेतलं आणि ट्रे झाला. काय सुंदर झाला होता म्हणून सांगू! काचेसारखा स्वच्छ, कडा गुळगुळीत, दाबला की ‘टक्’ करून बसायचा आणि मग तोंडात काही आहे असं वाटायचंच नाही. "हे बघ, हलतोय का? नाही ना?" नवरा म्हणाला. मी अभिमानाने नाही म्हटलं. मी इतकी वर्षं या माणसाच्या हातावर विश्वास ठेवत आलेय, आता काय नवीन!

इकडे गोळ्यांनी तोंडाआधी माझ्या पायांचा ताबा घेतला. स्टेरॉइड म्हणतात ते. मला बसवेना. उभं राहवेना. झोप तर गेलीच. कपाटं आवरून झाली, मग पुन्हा उपसून झाली. बाथरूमच्या फरशांमधल्या फटी मी जुन्या ब्रशने घासल्या. भूक अशी की समोर आलेलं काहीही खाऊन टाकावं, आणि तोंड असं की गार दुधात भिजवलेला पाव तेवढा आत जायचा. चेहरा सुजून गोल झाला. शेजारीण म्हणाली, तब्येत छान सुधारलीय हो! मी तिला जे उत्तर दिलं त्यानंतर ती अजून आलेली नाही.

आणि हिरड्या काही ऐकेनात. गालाच्या आतलं भरून आलं, जिभेखालचं गेलं, पण खालच्या हिरडीवर पुढच्या बाजूला फोड येतच राहिले. मी नवऱ्याला सांगितलं.

"ट्रे हलत असणार," तो म्हणाला. "हलला की घासतो, घासला की जखम. दे इकडे."

त्याने नवा केला. आधीपेक्षा घट्ट. मी आणखी वेळ घालून बसायला लागले. फोड वाढले. त्याने तिसरा केला. त्याला काढायला नख घालावं लागायचं.

"आता बघ," तो म्हणाला.

मी बघतच होते. स्वयंपाकघरात, आरशात, गाडीच्या मागचं बघायच्या छोट्या आरशात. प्रत्येक सिग्नलला मी खालचा ओठ ओढून बघायचे. आणि दिवसभर जिभेने ते चार दात मोजायचे. कवळीची मला लाज वाटते असं नाही, कवळ्यांच्या जिवावर आमची चूल पेटते. पण ते दात माझे होते. त्यातला डावीकडचा एक उगवला तेव्हापासून तिरका, शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलून उभा राहिल्यासारखा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवरा त्याच्याकडे टक लावून म्हणाला होता, "मी कुणाच्या कवळीत असा दात लावला तर दुसऱ्या दिवशी काम बंद होईल." हे त्याचं प्रेमाचं बोलणं. मला आवडलं होतं. आता तो दात सगळ्यांत जास्त हलत होता आणि मला फार भीती वाटत होती. हे मी कुणाला बोलले नाही, कारण बोलायलाही दुखायचं.

एका दुपारी नवरा तयार कवळ्या पोचवायला गेला होता आणि माझ्याने घरात बसवेना. सगळी कपाटं झाली होती. राहिली होती ती त्याची खोली. तिथे झाडू लावायचीही मला बंदी आहे, पण गोळ्या चढल्या की बंदी वगैरे आठवत नाही. फळी पुसली, टेबल पुसलं, प्लास्टरची गोण सरकवली. गोणीमागे ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं.

खालचा जबडा होता. प्लास्टरचा. त्यातले पुढचे चार दात करवतीने मुळापासून कापून टाकले होते, आणि त्या जागी गुलाबी मेणात चार नवे दात लावले होते. चकचकीत. डावीकडचा एक तिरका.

नवरा दारात आला तेव्हा जबडा माझ्या हातातच होता.

"हे काय आहे?"

"तू इथे कशाला आलीस?"

"मी विचारलं त्याचं उत्तर दे."

त्याने पिशवी खाली ठेवली. "समजा गेलेच, तर तुला एक दिवससुद्धा बिनदाताचं राहायला लागू नये. म्हणून तयारी."

"बाई म्हणाल्या कवळी सोसणार नाही."

"लोकांच्या कवळ्या सोसणार नाही. माझी सोसेल."

"अरे, माझे दात अजून माझ्या तोंडात आहेत! आणि तू त्यांना पोचवून मोकळाही झालास?"

"ओरडू नकोस, फुटेल काहीतरी."

"फुटू दे! कापलेस? करवत लावलीस?"

"प्लास्टरला लावली. तुला नाही." मग त्याने ते वाक्य म्हटलं ज्यासाठी मी त्याला अजून अधूनमधून ऐकवते. "आणि तू ट्रे नीट लावत नसशील. माझ्या मापात चूक नाही."

तोंडात रक्ताची चव आली होती. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण ओठ हलेनात. मी जबडा फडक्यासकट टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन अंगणातले सगळे पायपोस झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा विद्यार्थी म्हणजे ब्रेककाका. पोस्टातून निवृत्त झालेले. बायकोचे गुडघे गेले म्हणून या वयात गाडी शिकायला आलेले, आणि रस्त्यात कबूतर दिसलं तरी ब्रेक मारणारे. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले होते, ट्रेची डबी माझ्या खिशात होती आणि डोक्यात चार कापलेले दात. काकांनी आज ब्रेकचा नाद सोडून क्लचची तक्रार काढली.

"मॅडम, हा क्लच खराब आहे का? सुरुवातीला पाय दाबला तरी काहीच होत नाही. नुसताच जातो खाली. जरा आवळून घ्या की."

"काका, तेवढी मोकळीक लागतेच," मी खिडकीबाहेर बघत म्हटलं. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. "घट्ट केला तर कायम टेकून राहील. टेकून राहिला की घासत राहतो आणि आतली प्लेट जळते. दिसायला सगळं ठीक, आणि आतून सोलून..."

मी थांबले.

"आतून काय, मॅडम?"

‘हिरडीवर टेकता कामा नये’ हे बाई म्हणाल्या होत्या. माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. फोड आले की ट्रे घट्ट होत होता. ट्रे घट्ट झाला की फोड वाढत होते. आणि आम्ही दोघं शहाणी माणसं तो आणखी घट्ट करत होतो.

"काका, आज आपण गर्दीतली प्रॅक्टिस करू. मोठ्या दवाखान्यापर्यंत."

"बापरे. तिकडे तर सर्कल आहे."

"सर्कल आहे, उड्डाणपूल आहे, सगळं आहे. चला."

काका घामाघूम झाले. सर्कलला आम्ही दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या, कारण त्यांना बाहेर पडायला कुणी जागाच देईना. उड्डाणपुलावर मागून हॉर्न वाजवणाऱ्याला मी काच खाली करून, फुटक्या तोंडाने, जे सुचलं ते ऐकवलं. काका मला म्हणाले, "मॅडम, आज तुम्हाला बरं वाटतंय वाटतं!" दवाखान्याच्या दारात त्यांनी कबूतर नसतानाही करकचून ब्रेक मारला. मी त्यांना गाडीतच बसवून आत पळाले.

वेळ घेतलेली नव्हती. बाहेर बसलेल्या बाईने मला थांबायला सांगितलं. मी बसले, उठले, पाण्याच्या मशीनपर्यंत गेले, परत आले, भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्र वाचून काढलं. शेवटी डॉक्टरबाईंनाच माझ्या चपलांचा आवाज आत असह्य झाला असावा. त्यांनी बोलावलं.

मी डबी उघडून ट्रे त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवला.

"कोणी केला हा?"

"नवऱ्याने. वाईट आहे का?"

"वाईट? इतकं नेमकं काम मी बघितलेलं नाही. हिरडीची रेघ न् रेघ उचललीय." त्यांनी तो माझ्या तोंडात बसवला. टक्. मग हळूच काढायला गेल्या, तो निघेना. त्यांच्या कपाळाला आठी पडली. काढल्यावर त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि कापसाच्या काडीने एक रेघ दाखवली. ट्रेची कडा जिथे संपत होती, बरोबर त्याच रेषेवर हिरडी सोललेली होती. वळणाला वळण देऊन. "ह्याच्या बाहेर बघा. इथे शांत आहे, इथेही. म्हणजे गोळ्या लागू पडताहेत, औषधही पडतंय. सोलतोय तो ट्रे. मी सैल सांगितला होता ना?"

"त्याला सैल म्हणजे शिवी वाटते."

त्या हसल्या नाहीत. "कवळीच्या धंद्यात बरोबरच आहे ते. तिथे हललं की जखम होते. इथे उलटं. इथे टेकलं की जखम."

"दात राहतील का?" आवाज माझाच होता, पण मी एवढ्या हळू कधी बोलत नाही.

"ठरलेल्या तपासणीला अजून महिना आहे. ट्रे बदला. मग बघू."

परत येताना गाडी मी चालवली. काकांनी कृतज्ञतेने डोळे मिटून घेतले. मला एकाच वेळी रडायला येत होतं, नवऱ्याचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याला हे कसं सांगावं तेही सुचत नव्हतं. कारण चूक निष्काळजीपणाची असती तर मी त्याला सोलून काढला असता. ही चूक त्याने जीव ओतून केली होती.

तो खोलीत होता. मी रेडिओ बंद केला आणि बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग हट्टी पोरासारखी मान हलवली.

"सैल केला की हलेल. हलला की घासेल. कुठल्याही म्हाताऱ्याला विचार."

"मी म्हातारा नाही."

"तत्त्व तेच. साच्यावर बघ, एक केस जायला जागा नाही. साच्यावर कुठेही दाब..."

"साचा!" मी ओरडले. "साच्याला रक्त येतं का? साचा सुजतो का? तू माप घेतलंस तेव्हाची हिरडी आज राहिलीय का? मी म्हणजे हे प्लास्टर नाही रे!"

मी टेबलावरची बॅटरी उचलून त्याच्या हातात कोंबली आणि स्टुलावर बसून तोंड उघडलं. "बघ."

त्याने बॅटरी लावली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. लोकांचे जबडे दिवसभर हातात घेऊन बसणारा हा माणूस, माप घेतल्या दिवसापासून एकदाही माझ्या तोंडात बघायला आला नव्हता. ट्रे हातात द्यायचा, बसला का विचारायचा, आणि मागच्या खोलीत निघून जायचा.

"बघ ना," मी म्हटलं. या वेळी ओरडले नाही.

बॅटरी लागली. त्याने माझा खालचा ओठ अंगठ्याने खाली धरला, इतका हलका की मला जेमतेम कळलं. उजेड डावीकडून उजवीकडे गेला, परत आला. त्याच्या ओठांची हालचाल होत होती. तो ट्रेची कडा मनातल्या मनात गिरवत होता. एका जागी उजेड थांबला. मग त्याने बॅटरी बंद केली.

"मला बघवत नव्हतं," तो म्हणाला. "साच्याकडे बघितलं की हात चालतो. तुझ्याकडे बघितलं की चालेना." नाक ओढून त्याने तोंड फिरवलं. "मीच सोलत होतो की गं तुला."

"हो."

"तू नाही तरी म्हण."

"नाही कशी म्हणू, दुखतंय मला," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघंही थोडं हसलो आणि मला चांगलंच रडू आलं. कितीतरी दिवसांनी रडले. तो स्टुलाशेजारी खाली बसून राहिला, माझ्या गुडघ्यावर प्लास्टरने पांढरा झालेला हात ठेवून.

नवा ट्रे त्याने माझ्यासमोर केला. आधी माझं माप पुन्हा घेतलं, मापाच्या फार मऊ लगद्याने, श्वास रोखून. साचा ओतला, वाळू दिला. त्यावर, हिरडीच्या सगळ्या भागावर, मेणाचा पातळ पत्रा चिकटवला, म्हणजे वरून प्लास्टिक बसेल तेव्हा मेणाच्या जाडीएवढी जागा आत राहील. तेवढं करून त्याने माझ्याकडे बघितलं.

"पुरे?"

"आणखी."

त्याने दुसरा थर चढवला. "आता?"

"आणखी. पाय हलका ठेव, घाबरू नकोस, मी शेजारी आहे."

"मला गाडी शिकवू नकोस."

त्याला खरंच मी गाडी शिकवू शकलेली नाही. एकदा प्रयत्न केला तेव्हा दुसऱ्या वळणावर आमचा संसार मोडायची वेळ आली होती. पण तिसरा थर त्याने चढवला. कडा हिरडीपासून चांगल्या दूर कापल्या. ट्रे तयार झाला तेव्हा तो हातात धरून त्याने असा चेहरा केला, जणू कुणीतरी त्याच्या नावाने हलकं काम खपवलंय. "हे कुणाला दाखवू नकोस," म्हणाला.

दाखवायची गरजच नव्हती, ऐकू यायचा. दातांवर कसाबसा अडकायचा आणि मी मान वळवली की खुळखुळायचा. मी घरभर येरझारा घालायचे, ट्रे खुळखुळायचा, आणि मागच्या खोलीतून नवरा कळवळून विचारायचा, "फारच हलतोय का गं?" मी ट्रेसकट ‘हो’ म्हणायचे, ते ‘हॉं’ असं ऐकू जायचं. एकदा दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात ट्रे घालून गाडीत बसले होते तर ब्रेककाका लवकर आले. दार उघडून बसले, गाडी सुरू केली, आणि कान देऊन म्हणाले, "मॅडम, समोरून काहीतरी वाजतंय. बॉनेट उघडायचं का?"

"बाजूने वाजतंय काका," मी ट्रे काढून म्हटलं. "मी वाजतेय."

रोज रात्री, दात घासून झाले की नवरा बॅटरी घेऊन यायचा. मी तोंड उघडायचे. तो बघायचा आणि बघितलं ते खरं सांगायचा, कधी "इथे नवीन आलाय", कधी "कालच्यापेक्षा बरं", कधी नुसतंच "हं." त्याला अजून बघवत नव्हतं, पण तो यायचा. मी अजूनही झोपेविना, अजूनही कपाटं उपसणारी, अजूनही लोकांच्या अंगावर जाणारी. एका सकाळी मी पावाची भाजलेली कड दुधात न बुडवता चावली, आणि ती गिळून होईपर्यंत कुणाला काही बोलले नाही.

तपासणीच्या दिवशी नवरा बरोबर आला, पण या वेळी मागे उभा न राहता बाजूला, जिथून दिसतं तिथे. डॉक्टरबाईंनी कापूस गुंडाळलेल्या बोटाने माझी खालची हिरडी पुढे-मागे चोळली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. हीच त्यांची परीक्षा. आजार चिडलेला असला की या चोळण्याने कातडी सरकते, सुटते. त्यांनी कापूस बघितला. पुन्हा चोळलं. पुन्हा बघितला. मग चिमट्याने चार दात एकेक करून हलवले. तिरक्याला त्यांनी जास्त वेळ घेतला.

"हे राहू देऊ," त्या म्हणाल्या.

"सगळे?" नवऱ्याने विचारलं.

"सगळे. हा थोडा हलतोय, पण धरून आहे. आजार गेलेला नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या महिन्यापासून सलाईनमधून एक औषध सुरू करू, म्हणजे या गोळ्या हळूहळू कमी करता येतील. फोड परत येऊ शकतात. आले की लगेच यायचं, वाट बघत बसायचं नाही." मग त्यांनी ट्रे हातात घेऊन हलवला. तो खुळखुळला. "आता बरोबर आहे."

नवऱ्याने आजवर मिळालेल्या कुठल्याच शाबासकीवर इतकं वाईट तोंड केलं नसेल.

घरी आल्यावर मला पुन्हा बसवेना, पण या वेळी कशाने ते मला कळत होतं. मी सरळ मागच्या खोलीत गेले. ओल्या फडक्यातला जबडा फळीवर मागे ठेवलेला होता. त्याने तो टाकला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. मी शेगडी पेटवली, भांड्यात पाणी ठेवलं, आणि पाणी तापल्यावर तो मेणासकट आत सोडला. नवरा दारात येऊन उभा राहिला. अडवलं नाही.

मेण आधी मऊ झालं, मग पातळ होऊन वर तरंगायला लागलं. दात एकेक करून सुटले आणि तळाशी जाऊन पडले. नवऱ्याने ते चिमट्याने काढून फडक्यावर ठेवले. चारही सरळ, नीटस, कुणाच्याही तोंडात शोभतील असे. त्यातला तिरका कुठला होता ते आता ओळखूही येत नव्हतं.

तो चौघांकडे बघत राहिला. "तो एक तसा रेलून उभा करायला मला सगळ्यांत जास्त त्रास झाला होता," तो म्हणाला. "चार वेळा मेण काढलं. सरळच व्हायचा सारखा."

मी जिभेने माझा चाचपून पाहिला. शेजाऱ्याच्या खांद्यावर होता, तिथेच होता.

"दे ते डबीत टाकून," मी म्हटलं. "आणि बॅटरी आण. आजचं बघायचं राहिलंय."